‘आज नको’ म्हणण्याचेही पैसे द्या : पावसाळी ट्रेकच्या आयोजकांना खुले पत्र

जून ते सप्टेंबर, दर शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून सह्याद्रीत बस भरून नेणाऱ्या सगळ्या आयोजकांना,

स. न. वि. वि.

तुमचं यंदाचं पोस्टर मला तीन ग्रुपांवर तीन वेगळ्या नावांनी आलं. फोटो मात्र तोच. वर पांढराशुभ्र धबधबा, खाली हात पसरून उभी पाठमोरी मुलगी, आणि कोपऱ्यात पत्रावळीवर भाकरी, पिठलं, ठेचा. ‘वॉटरफॉल ट्रेक + अस्सल गावरान जेवण, एका दिवसात परत’. मला त्या मधल्या अधिकच्या चिन्हाबद्दल बोलायचं आहे.

मी बाहेरची नाही. सोळा वर्षं मीही हेच करत होते. गळ्यात शिट्टी, कमरेला पैशांचं पाऊच आणि हातात नावांची यादी. तुमच्यापैकी काहीजण माझ्याच बॅचमध्ये पहिल्यांदा ओढा ओलांडायला शिकले. त्यामुळे हे पत्र वरून खाली बघत लिहिलेलं नाही. यातली सगळ्यात मोठी चूक माझी स्वतःची आहे आणि ती आधी सांगून टाकते.

जुलैचा दुसरा आठवडा होता. मुळशीच्या पलीकडची एक वाडी, त्रेचाळीस जण, बस दोन तास उशिरा. तिथले मामा आमचे नेहमीचे वाटाड्या. त्यांच्या घरी काकी जेवण करायच्या. धबधब्याच्या वाटेवर ओढा आडवा येतो, तिथे मामा थांबले. नुसते उभे राहिले. मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं, बघितलं, सोडून दिलं आणि म्हणाले, “म्याडम, पानी येगळं वाजतंय. आज नको.”

मी म्हणाले, “मामा, लोक मुंबईहून आलेत. पटकन जाऊन येऊ.”

त्यानंतर मामांनी ओढ्याकडे बघितलं नाही. माझ्या कमरेच्या पाऊचकडे बघितलं. त्यांचे पैसे त्यात होते, माणशी ठरलेले, आणि गेलं तरच मिळणारे. ते काहीही न बोलता पुढे झाले.

जाताना गुडघ्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेच्या वर होतं. दोर बांधून त्रेचाळीस माणसं अलीकडे आणायला अडीच तास लागले. एक मुलगी घसरली, तिची सॅक मामांनी पट्ट्याला धरून ओढली म्हणून ती आज आहे. मामांच्या दोन्ही तळव्यांची साल दोरानं निघाली होती. वाडीत पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. काकींच्या दुपारच्या भाकऱ्या चामड्यासारख्या झाल्या होत्या. आठवड्याभरानं लोकांचे अभिप्राय आले. बहुतेकांनी ‘थरारक अनुभव’ लिहिलं होतं. दोघांनी लिहिलं होतं, ‘जेवण गार होतं.’

कुणी मेलं नाही, म्हणून त्या दिवसाचा हिशेब कुणी मागितला नाही. मीही नाही. उलट फोटो टाकले.

आता पाण्याबद्दल. तुमच्यातले अनेक तरुण लीडर फोनवर जिल्ह्याचा रंग बघून निघतात. पिवळा असला तर चालतंय, केशरी असला तर बघू, लाल असला तर बॅच पुढे ढकलू. हवामान खात्याचे ते इशारे महत्त्वाचेच आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार, ही वर्गवारी पाठ असायला हवी. पण तो रंग अख्ख्या जिल्ह्याचा असतो. तुम्ही ज्या घळीत उतरणार, तिचा वेगळा रंग कुठलंच ॲप दाखवत नाही.

एक साधं गणित करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. धबधब्याच्या वर दोन चौरस किलोमीटरचं पठार आहे असं धरा, म्हणजे फार मोठं नाही. त्यावर तासाभरात ५० मिमी पाऊस झाला तर दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा हजार टँकर. सह्याद्री हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. थरावर थर, म्हणून पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणून धबधबे. कड्याकडेच्या कातळावर माती जेमतेम वीतभर. जुलैपर्यंत ती पाणी पिऊन तट्ट झालेली असते, पुढचा पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्याला लागतो. त्या दहा हजारांतले निम्मे टँकर जरी तासाभरात एका चिंचोळ्या घळीतून खाली आले तर काय होतं, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. आणि हे होताना खाली, तुम्ही उभे आहात तिथे, कदाचित ऊन पडलेलं असेल.

३० जून २०२४ चा रविवार कुणी विसरलेलं नसावं. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात चार मुलं होती. ते कुठल्या ट्रेकला आलेले नव्हते, हे मला माहीत आहे. पण ते उभे होते तिथलं पाणी ज्या झपाट्यानं वाढलं, तो झपाटा ट्रेकवाल्यांसाठी वेगळा नसतो. कोंडाची, म्हणजे धबधब्याच्या पायथ्याच्या डोहाची, गोष्ट तर आणखी निराळी. उंचावरून पडणाऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते पाणी अंगाला नीट उचलून धरत नाही, आणि खालचा भोवरा माणसाला पुन्हा धारेखालीच ओढत राहतो. ‘मला पोहता येतं’ या वाक्याला तिथे काही किंमत नाही.

ओढ्याचं पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, दगड घरंगळल्याचा दबका आवाज यायला लागला, की वर काहीतरी झालेलं असतं. हे मामांना कळतं, कारण तो ओढा ते बाराही महिने बघतात. तुमचा लीडर तो वर्षातून तीनदा बघतो.

म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नाहीच. ज्ञान तिथे वाटेवर उभं असतं, प्लॅस्टिकचं इरलं घालून. प्रश्न असा आहे की त्या ज्ञानाला तोंड उघडणं परवडत नाही. वाटाड्याला पैसे ‘नेण्याचे’ मिळतात. ‘नको’ म्हटलं की आजचे बुडाले, आणि पुढच्या रविवारी शेजारच्या वाडीतला एखादा वीस वर्षांचा पोरगा दुचाकीवर येऊन ‘मी नेतो सर’ म्हणतो. मग माणशी दर ठरवून आपणच त्याला सांगतो की साठ जण आण, पंधरांपेक्षा चौपट मिळतील. त्या ओढ्यावर निर्णय मामांनी घेतला नव्हता, माझ्या दरपत्रकानं घेतला होता.

सरकारी बाजू थोडक्यात. राज्यानं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. ज्यांनी केली नसेल त्यांनी करावी, त्यावर वाद नको. पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. आधी ते कलम १४४ खाली निघायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. कलम बदललं, आपली सवय नाही. देवकुंड धबधब्याला बंदी आली की पोस्टरवर ‘सिक्रेट वॉटरफॉल’ उगवतो. त्या सिक्रेट धबधब्याला ना पोलीस, ना दोर, ना नेटवर्क. कुणी अडकलं तर बचाव पथक पोचेपर्यंत कितीतरी वेळ जातो, आणि तोवर पाण्यात उतरतो तो वाडीतलाच माणूस. पण सरसकट बंदीचंही मला काही कौतुक नाही. तिनं धोका कमी होतो की फक्त दुसऱ्या घळीत सरकतो, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

मला जे सुचवायचं आहे ते धबधब्याबद्दल नाहीच, जेवणाबद्दल आहे.

आपण जेवणाला नेहमी अधिकच्या चिन्हानंतर ठेवलं. दमून आल्यावर पोटात ढकलायची गोष्ट. त्यामुळे ज्या दिवशी धबधबा नाही त्या दिवशी आपल्याकडे विकायला काहीच उरत नाही. म्हणून ओढ्यावर आपण अडून बसतो. जेवण हाच जर त्या दिवसाचा कणा असेल, तर मामा ‘आज नको’ म्हणाले तरी बस रिकामी परतत नाही.

आणि त्या जेवणात एक अख्खा दिवस भरेल एवढं आहे, फक्त ते आपण कधी बघितलं नाही. आपण काय मागतो? ‘गावरान थाळी, व्हेज आणि नॉनव्हेज.’ एका आयोजकानं वाडीत पनीर मागितल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. घाटातल्या वाडीत, जुलैत, पनीर! ते आणायला काकींचा मुलगा पाऊस झेलत तालुक्याला गेला होता.

तीच काकी त्या दिवशी घरात काय खात होती, ते विचारायचं सुचलं नाही. पहिल्या पावसात जमिनीतून शेवळं वर येतात, मोजकेच दिवस. त्यांच्यात काकडं नाहीतर तसलंच काही आंबट घालावं लागतं, नाहीतर घसा असा खवखवतो की जन्मात नाव काढणार नाही. त्याच सुमारास फोडशी, कांद्याच्या पातीसारखी. मग टाकळा, पण कोवळा असतानाच. पंधरा दिवसांनी तोच टाकळा कडवट आणि जून होतो. कुर्डू, भारंगी. जुलैत करटोली वेलीवर दिसायला लागतात. ओढ्याकाठी खेकडे. ही यादी मेनू कार्डावर छापता येत नाही, कारण मागच्या आठवड्यात होतं ते या आठवड्यात नसतं. शहरातल्या माणसाला चाखायला मिळणारी याहून ताजी गोष्ट कुठली? ‘आजची भाजी आजच ठरेल’ एवढं एक वाक्य पोस्टरवर लिहायला काय जातं?

काकींबरोबर बांधावरून तासभर फिरणं हा स्वतंत्र ट्रेक आहे. चढ कमी, चिखल भरपूर. कुठलं पान घ्यायचं, कुठलं त्याच्यासारखंच दिसणारं सोडायचं, किती खुडायचं आणि किती ठेवायचं, हे त्या चालता चालता दाखवतात. (सोबत आलेल्यांनी आपल्या मनानं काहीही तोंडात टाकू नये, हे मात्र बस निघतानाच दरडावून सांगा. ॲलर्जी कुणाला काय आहे तेही तेव्हाच लिहून घ्या.) हे ज्ञान ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायकांकडे ज्या तपशिलानं आहे, तो तपशील एका दिवसात शिकून होत नाही. एका दिवसात फक्त आपल्याला काय काय माहीत नाही ते समजतं, आणि तेवढंही पुष्कळ झालं.

आता भाकरीचं गणित करा, कारण पाण्याचं केलं. पन्नास माणसं, माणशी दोन, म्हणजे शंभर भाकऱ्या. तांदळाची असेल तर गरम पाण्यात पीठ भिजवून, चांगलं मळून, हातावर थापायची. तव्यावर एका भाकरीला अडीच मिनिटं धरा. अडीचशे मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त, ओल्या लाकडांच्या धुरात. दोन चुली पेटवल्या तर दोन बायका आणि दोन तास. हे कधी? तर ऐन लावणीत. जुलै म्हणजे भाताच्या लावणीचे दिवस. चिखलणी झालेली, रोपं उपटून ठेवलेली, पाऊस हाताशी. अशा दिवशी घरातल्या दोन कर्त्या बायका शेतातून काढून आपण चुलीपुढे बसवतो, थाळीला ठरलेले पैसे देतो, आणि वर विचारतो, ‘अनलिमिटेड आहे ना?’

पुढचा भाग तर तुम्हाला पाठच असेल. सांगितलेले पन्नास, आले चौतीस. सोळा थाळ्यांचे पैसे कोण देतं? कुणीच देत नाही. माझ्या काळी मीही दिले नाहीत. ‘काकी, पुढच्या वेळी भरून काढू’ म्हणायचे. पुढच्या वेळी दुसरी वाडी असायची.

म्हणून मागणी सोपी आहे, आणि ती हिशेबाच्या वहीतली आहे, भावनेची नाही.

वाटाड्याला दिवसाचे पैसे द्या, माणशी नको. शुक्रवारी ठरवा, सकाळी पोचताक्षणी हातात ठेवा, ओढ्याकडे पाऊल टाकण्याआधी. तुम्ही आलात आणि धबधब्याला गेला नाहीत तरी ते त्यांचेच. सकाळी लोक चहा घेत असताना मामा एकटे पुढे जाऊन पाणी बघून येतील. ते बघून येणं हेच त्यांचं त्या दिवसाचं काम आहे, नेणं नंतरचं. परत आल्यावर काय ते त्यांनीच सगळ्यांसमोर सांगायचं. लीडरनं मध्ये ‘पण’ म्हणायचं नाही. लीडरचा ‘पण’ किती महाग असतो ते मी वर सांगितलं.

काकींना शुक्रवारी जो आकडा कळवाल त्याचे पैसे द्या, पानावर कितीही बसोत. लावणीच्या दिवसांत आधी विचारा की घरचं शेत कधी आहे, आणि त्या रविवारी तिथे जाऊच नका. जेवण एक वाजता. चार वाजता नाही, सहा वाजता तर नाहीच. म्हणजे धबधब्याला जायचं असेल तर सकाळीच आणि परतीच्या वेळेवर डोळा ठेवून. जेवणाची वेळ पक्की असली की रेंगाळणं आपोआप कमी होतं, हा माझा अनुभव आहे. शिट्टीपेक्षा भाजीचा वास लवकर माणसं गोळा करतो.

आणि बॅच वीसची करा. वीस माणसांना एक वाटाड्या नजरेत ठेवू शकतो, एक चूल गरम भाकरी वाढू शकते.

तुम्ही म्हणाल, ताई, लोक धबधब्यासाठीच पैसे भरतात, रील धबधब्याचं होतं, भाजीचं नाही. पहिली गोष्ट, आजकाल भाजीचंही होतं. दुसरी, लोकांना धबधबाच हवा असं आपण सोळा वर्षं त्यांना शिकवलं, मग आता तेच मागतात यात नवल काय? धबधबा दाखवायला त्याच्या खालीच उभं करावं लागतं असंही नाही. ताम्हिणीत समोरच्या उतारावरून एका नजरेत सात-आठ धारा दिसतात, ढग सरकला की आणखी दोन. कोंडात उतरल्यावर त्यातली एकच दिसते, तीही डोळ्यांत पाणी जाऊन.

दर वाढेल, हे खरं. वीसच्या बॅचला बसचं भाडं जास्त पडेल. काही गिऱ्हाईक तुटेल आणि जो साठ जण नेतो त्याच्याकडे जाईल. याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं तर त्याच्याकडे जाणारे कमी होतील, एवढंच. वाड्यांनीही मिळून ठरवावं. एका वाडीचा ‘आज नको’ शेजारच्या वाडीनं मोडायचा नाही, असं जिथे ग्रामपंचायतीत बसून ठरेल तिथे आयोजकाला पळवाट राहणार नाही. ते पत्र मी त्यांना वेगळं लिहीन. त्याआधी आपल्याकडून सुरुवात होऊ दे.

गेल्या जुलैत मी त्याच वाडीत गेले. बस नाही, यादी नाही, शिट्टी नाही, आम्ही चार जणी. मामा आता थकलेत, पण पाणी बघायला अजून तेच जातात. पोचल्यावर मी त्यांच्या हातात दिवसाचे पैसे ठेवले. ते न मोजता खिशात घालून निघाले आणि अर्ध्या तासानं भिजून परत आले.

“आज नको.”

“बरं,” मी म्हणाले.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग खिशातून नोटा काढून माझ्यापुढे धरल्या. मी हात मागे घेतला. त्यांनी एकदा नोटांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि टोपी पिळत म्हणाले, “मंग बांधावं जा, टाकळा खुडाया. काकी कवाची थांबलीय.”

आपली,
एक जुनी ट्रेक लीडर

ता. क. : ताटं घरून न्या. पन्नास ताटं ओढ्यावर कोण घासतं, तेही एकदा थांबून बघा.